कोरड्या ओढ्यातली कण्हेर

नमस्कार श्रोते हो.

दक्षिण स्पेन, मोरोक्कोतल्या ॲटलास पर्वताचा पायथा, जॉर्डनमध्ये पेट्राच्या आसपासच्या घळी... या मुलखांत उन्हाळाभर पावसाचा थेंब पडत नाही. डोंगर करपून पिवळे झालेले असतात आणि अशा ऐन उन्हात त्या डोंगरांमधून गुलाबी फुलांचा एक पट्टा वळणं घेत उतरताना दिसतो. जवळ गेलं की कळतं, हा आटलेल्या ओढ्याचा मार्ग आहे. गोटे, वाळू, आणि त्यात फुललेली कण्हेर. आपल्या अंगणातली, देवळामागची, महामार्गाच्या दुभाजकातली कण्हेर ती हीच. भूमध्य समुद्राच्या काठापासून इराण, भारत आणि थेट दक्षिण चीनपर्यंत हिचा वावर आहे. पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या घरांच्या भिंतींवर रंगवलेल्या बागांमध्येही कण्हेर ओळखू येते.

कण्हेर कमी पाण्यावर जगते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती कुठे आणि कशी जगते हे समजून घेतलं, तर तिची निगा कशी राखायची हे वेगळं शिकावं लागत नाही. ओढा वरून आटलेला असतो, पण वाळूखाली, खोलवर, ओल टिकून असते. कण्हेरीची मुळं त्या ओलीपर्यंत पोचतात. पावसाळ्यात पूर आला की तीच कण्हेर पाण्यात उभी राहते, वाकते, मोडते आणि बुंध्यापासून पुन्हा फुटते. म्हणजे डोक्यावर कडक ऊन, वरची माती कोरडी, खाली ओल आणि पाण्याला वाहून जायला वाट, हे तिचं घर. आपल्या बागेत तिला एवढंच हवं असतं.

तिचं पान तर बघण्यासारखं आहे. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकलेल्या अनेकांनी कण्हेरीच्या पानाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असेल. पानाचा पृष्ठभाग जाड, चामड्यासारखा, त्यावर मेणाचा थर. खालच्या बाजूला बारीक खळगे असतात आणि पर्णरंध्रं, म्हणजे पानाची हवा-वाफ ये-जा करणारी बारीक छिद्रं, त्या खळग्यांच्या आत असतात. शिवाय खळग्यांमध्ये केसांसारखी लव. गरम वारा पानावरून जातो, पण रंध्रांपाशी हवा दमट आणि स्थिर राहते, त्यामुळे पाणी फार उडून जात नाही. एका फांदीवर एकाच पेरापाशी तीन-तीन पानं, ही तिची ओळखीची खूण.

आता लागवड. जागा निवडताना ऊन पाहा. दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन हवं. सावलीत कण्हेर मरत नाही, पण उंच, किडकिडीत होते आणि फुलं देत नाही. जमीन कसलीही चालते, मुरमाड तर उत्तमच. काळ्या चिकट जमिनीत मात्र पावसाळ्यात मुळांशी पाणी साचतं, म्हणून खड्ड्यात मुरूम आणि जाडी वाळू मिसळा, रोप थोडं उंचवट्यावर लावा. दीड फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा पुरतो. कुंपण करायचं असेल तर तीन-चार फुटांवर एक, एकेकटी वाढवायची असेल तर सहा फूट मोकळे ठेवा. पूर्ण वाढली की ती दहा-बारा फुटांपर्यंत सहज जाते. खारा वारा तिला सोसतो, त्यामुळे कोकणात समुद्राजवळच्या घरांनाही ती चालते. अमेरिकेतलं गॅल्व्हस्टन हे बेटावरचं शहर १९०० सालच्या भयंकर वादळात उद्ध्वस्त झालं. त्यानंतर शहर पुन्हा उभारताना तिथल्या लोकांनी खारवलेल्या जमिनीवर टिकेल म्हणून कण्हेर मोठ्या प्रमाणावर लावली, आणि आज ते शहर कण्हेरीचंच म्हणून ओळखलं जातं.

पाण्याविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण इथेच गल्लत होते. दुष्काळात टिकणारं झाड म्हणून काही जण पहिल्या उन्हाळ्यातही तिला पाणी देत नाहीत. नव्या रोपाची मुळं अजून वीतभरच खोल असतात, त्याला खालची ओल मिळणार कशी? आणि काही जण रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालतात. त्यानं वरची चार बोटं माती भिजते आणि मुळं तिथेच, वर वर पसरतात. असं झाड एक आठवडा गावाला गेलात तरी माना टाकतं. पहिली दोन वर्षं आठवड्यातून एकदा, पण भरपूर पाणी द्या, सावकाश जिरेल असं. दोन पाण्यांच्या मध्ये वरची माती पूर्ण सुकू द्या. मुळं पाण्यामागून खाली जातात. तिसऱ्या उन्हाळ्यापासून पंधरवड्यातून एक पाणी दिलंत तरी पुरे, आणि नाही दिलंत तरी झाड जगेल, फुलं फक्त कमी येतील. कुंडीतल्या कण्हेरीला हे लागू नाही. तिच्या मुळांना खाली जायला जागाच नसते, म्हणून उन्हाळ्यात तिला नेमानं पाणी लागतं.

खत थोडंच द्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन घमेली कुजलेलं शेणखत बस्स झालं. युरियासारखं नत्राचं खत दिलं की पाला माजतो, फुलं रुसतात आणि कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा येतो. मावा आलाच तर पाण्याचा जोराचा फवारा मारा, गरज पडली तर निंबोळी तेल. मात्र पानं कुरतडणारी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, अंगावर लांब शिंगं असलेली अळी दिसली तर तिला मारू नका. ती कॉमन क्रो नावाच्या फुलपाखराची अळी. पानाखाली लटकणारा तिचा कोष चांदीसारखा चमकतो. चार पानं गेली तरी झाडाला काही होत नाही, आणि घरातल्या मुलांना हा कोष दुरून जरूर दाखवा.

छाटणीला भिऊ नका. पुरात मोडून पुन्हा फुटणारं झाड आहे ते. फुलांचा मोठा बहर ओसरला की सगळ्यात जुन्या, जाड फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांश बुंध्याजवळून काढा. नव्या फांद्यांचे शेंडे खुडलेत तर त्या फुटून झुडूप दाट होतं, कारण फुलं येतात ती शेंड्यांवरच.

पण छाटलेल्या फांद्यांचं काय करायचं? श्रोते हो, इथे मला तुमचं पूर्ण लक्ष हवं आहे. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. पान, फूल, साल, मूळ, चीक, सगळं. तिच्यातलं ओलिअँड्रिन आणि त्याच्या जोडीची द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. ओलं पान कडू असतं, म्हणून जनावर सहसा तोंड लावत नाही. पण तेच पान सुकलं की कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसंच राहतं, आणि चाऱ्यात मिसळून पोटात जातं. दहा-वीस पानं मोठ्या गाईच्याही जिवावर बेतू शकतात. शेळीला त्याहून कमी पुरतात. म्हणून छाटणी गोठ्याजवळ, बांधावर, रस्त्याकडेला टाकू नका. जाळूही नका, तिचा धूरसुद्धा अपायकारक आहे. खोल खड्डा करून पुरा.

गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये कण्हेरीचं पान असतं. पूजा जरूर करा, पण ते निर्माल्य गाईपुढे टाकायची सवय कृपा करून सोडा. फुलं ताटात प्रसादाशेजारी ठेवू नका, फुलदाणीतलं पाणी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. केरळमध्ये २०२४ च्या मे महिन्यात त्रावणकोर देवस्वम मंडळानं आपल्या देवळांतल्या नैवेद्यात आणि प्रसादात कण्हेरीच्या फुलांचा वापर बंद केला. मला तो निर्णय अतिशय योग्य वाटतो. कण्हेरीच्या मुळाचे, पानांचे घरगुती उपाय कुणी सांगितले तर ते करू नका. आणि कुणाच्या पोटात गेलंच, उलट्या, पोटदुखी, चक्कर सुरू झाली, तर घरी मिठाचं पाणी पाजत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या, आणि झाडाची फांदी पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, ती मुळात अमेरिका खंडातली वेगळी वनस्पती आहे. पण विषारी तीही आहे, आणि तिच्या बिया फार घातक असतात.

मग लावावी की नाही? माझं मत, लावावी. अंगणात रांगणारं मूल असेल, दाराशी गुरं बांधलेली असतील तर थांबावं. नाहीतर कुंपणाला, उताराला, जिथे दुसरं काही तग धरत नाही तिथे हिच्यासारखं झुडूप नाही. हिरोशिमावर १९४५ साली अणुबॉम्ब पडल्यावर तिथे आता कित्येक वर्षं काही उगवणार नाही असं बोललं जात होतं. त्या जळून गेलेल्या शहरात जी फुलं आधी फुलली त्यांत कण्हेर होती. १९७३ मध्ये हिरोशिमानं तिला शहराचं फूल म्हणून मान दिला.

रोप आणायला रोपवाटिकेत जाणार असाल तर एकेरी पाकळ्यांची कण्हेर निवडा. दुहेरी फुलं दिसायला भरगच्च, पण आपल्या पावसात ती भिजून सडतात आणि झाडावरच चिकटून राहतात. आपल्याकडच्या पारंपरिक पांढऱ्या आणि गुलाबी कण्हेरीला गोड वास असतो, भूमध्य भागातल्या बहुतेक झाडांना तो जवळजवळ नसतो. हा वास आपण जपायला हवा, कारण नव्या संकरित रोपांत तो हरवत चाललेला दिसतो. बियांपासून आईसारखं झाड येईलच असं नाही, म्हणून फांदीच लावा. ओळखीच्या जुन्या झाडाची पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची फांदी हातमोजे घालून कापा, खालची पानं काढा, आणि पहिला पाऊस पडला की सावलीत, वाळूमिश्रित मातीत खोचा. महिन्याभरात मुळं धरतात. पाऊस उघडला की ती उन्हात, कायमच्या जागी हलवा. काम झाल्यावर हात साबणानं स्वच्छ धुवा.

नमस्कार.