प्राचार्य मोजायचा कसा?

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी नॅकचा, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचा, सहावा निकष भरलेला आहे: प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन. समित्यांची इतिवृत्तं, सह्यांची पानं, जिओटॅग केलेले फोटो. (समिती यायच्या आदल्या आठवड्यात किती इतिवृत्तं एकाच पेनाने लिहून होतात, ते इथे विचारत नाही.) नेतृत्व हाताला लागत नाही, कागद लागतो, म्हणून आपण कागद मोजतो.

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत घोळ वेगळा झाला. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला सुरुवात झालेली ही दोन वर्षांची कॉलेजं. येईल त्याला प्रवेश. तिथे कागद नाही, आकडा मोजला गेला. पण केंद्र सरकारचा पदवीचा टक्का अनेक वर्षं फक्त पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या, पूर्णवेळ शिकणाऱ्यांचा निघत असे. नोकरी सांभाळून दोन-दोन विषय घेणारे, म्हणजे तिथले निम्म्याहून अधिक विद्यार्थी, हिशेबातच नाहीत. अशा टक्क्यावरून तिथल्या अध्यक्षाला, म्हणजे आपल्याकडच्या प्राचार्याला, शाबासकी किंवा बोल लावायचा म्हणजे कठीणच!

मी निर्णय बघतो, त्यातही कॉलेजच्या गल्ल्याला झळ पोचवणारा. फ्लोरिडातल्या व्हॅलेन्शिया कॉलेजने ठरवलं की पहिला तास झाला की त्या तुकडीत नवा विद्यार्थी घ्यायचा नाही. उशिरा आलेल्यांसाठी काही आठवड्यांनी सुरू होणाऱ्या तुकड्या ठेवल्या. डोकी मोजून अनुदान मिळतं तिथे असं म्हणायला छाती लागते. २०११ मध्ये कम्युनिटी कॉलेजांसाठीचं पहिलं अ‍ॅस्पेन पारितोषिक याच कॉलेजला मिळालं.

न्यूयॉर्कचं उदाहरण मला त्याहून मोलाचं वाटतं. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘असॅप’ नावाची, विद्यार्थ्यांना वेळेत पदवीपर्यंत नेणारी योजना सुरू केली. अट एक, शिकायचं ते पूर्णवेळ. बदल्यात फीची तूट भरून मिळणार, पुस्तकं मिळणार आणि सल्लागाराला नियमित भेटलात तर बस-मेट्रोचा महिन्याचा पासही. एरवी एका सल्लागाराच्या वाट्याला सहाशे ते दीड हजार विद्यार्थी यायचे. इथे साठ ते ऐंशी. म्हणजे नावानिशी ओळख. एमडीआरसी या संशोधन संस्थेने चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून तपासलं: तीन वर्षांत असॅपचे ४० टक्के पदवीधर झाले, दुसऱ्या गटातले २२ टक्के. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण दर पदवीधरामागे तो कमीच पडला. हा दुसरा भागाकार आपल्या किती अर्थसंकल्पांत दिसतो?

उद्या मला कुठल्या समितीवर घेतलंत, तर मी फायली नंतर मागेन. आधी विचारेन: पहिल्या चाचणीआधीच यायचे बंद झालेल्यांची यादी कुणाच्या टेबलावर येते? तो माणूस त्यांना फोन करतो का? आणि प्रवेशसंख्या घटणार हे माहीत असून गेल्या पाच वर्षांत तुम्ही घेतलेला एक निर्णय सांगा.