फुंकण्यामागची शिस्त

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली बरीच मंडळी समोर दिसतात. वर्षातून एकदा रांगेत उभं राहून नळीत फुंकणं तुम्हाला नवीन नाही. म्हणून आज मी औषधांऐवजी त्या फुंकण्याबद्दलच बोलणार आहे. स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे या फुंकण्याच्या तपासणीच्या, अहवालात तुमचं फुप्फुस जेवढं दिसतं, तेवढीच ती तपासणी कशी झाली हेही दिसतं. हा दुसरा भाग बहुतेक जण वाचतच नाहीत.

साखर तपासायला बोट पुढे केलं की तुमचं काम संपतं. इथे आकडा तुमच्या जोरावर येतो, आणि तो जोर काढून घेणाऱ्या तंत्रज्ञावर. छाती पूर्ण भरून श्वास घ्यायचा, न थांबता जोरात सोडायचा, आणि हवा संपेपर्यंत सोडतच राहायचं. सगळा घोटाळा होतो तो या शेवटच्या भागात.

पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा आणि एकूण बाहेर आलेली हवा यांचं गुणोत्तर आपण पाहतो. सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचं, निदान करताना, नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा पंप दिल्यानंतरही ते 0.70 च्या खाली राहिलं तर श्वासनलिका अरुंद आहेत असं धरतात. समजा, एका माणसाची पहिल्या सेकंदाची हवा 1.6 लिटर आणि एकूण 2.6 लिटर आहे. गुणोत्तर 0.62, म्हणजे आजार आहे. पण अरुंद नळ्यांमधून हवा हळूहळू येते. तो चौथ्या सेकंदाला दमून थांबला आणि एकूण 2.1 लिटरच नोंदली गेली, तर गुणोत्तर 0.76 होतं. अहवालावर 'अडथळा नाही' असं छापून येतं. आजारी माणूस जितका लवकर थांबेल तितका कागदावर बरा दिसतो! म्हणूनच 2019 च्या आंतरराष्ट्रीय मानकांत सांगितलंय की शेवटच्या एका सेकंदात 25 मिलीपेक्षा कमी हवा यावी, किंवा 15 सेकंद फुंकून झालेले असावेत. आलेखाची शेपटी सपाट झाली आहे का, एवढं तुम्हीही डोळ्यांनी पाहू शकता.

एका फुंकीवर अहवाल देऊ नये. किमान तीन चांगल्या फुंका हव्यात. मोठ्या माणसाला त्यासाठी आठपर्यंत प्रयत्न देता येतात. त्यातल्या सर्वांत मोठ्या दोन आकड्यांत 150 मिलीपेक्षा जास्त फरक नसावा. आता हे लक्षात घ्या: निरोगी माणसाची पहिल्या सेकंदाची हवा वयानुसार वर्षाला साधारण 25 ते 30 मिलीने कमी होते. म्हणजे एकाच बैठकीत चालणारा फरक हा कित्येक वर्षांच्या घसरणीएवढा आहे. गेल्या वर्षीपेक्षा 100 मिली कमी आले म्हणून घाबरू नका, आणि 100 मिली वाढले म्हणून कारखान्यातलं धुळीचं खातं सुरक्षित आहे असंही समजू नका. वर्षानुवर्षांचे, त्याच पद्धतीने घेतलेले आकडे एका ओळीत मांडले, तरच काही कळतं.

यंत्राकडेही पाहावं लागतं. ते रोज तीन लिटरच्या सिरिंजने तपासायचं असतं. फरक तीन टक्क्यांच्या आत हवा. तापमानाचंही तसंच. फुप्फुसातली 37 अंशांची दमट हवा 20 अंशांवर पूर्ण गार झाली, तर एका लिटरची सुमारे 900 मिली होते. ही दुरुस्ती यंत्र करतं, पण खोलीचं तापमान खरं नोंदलेलं असेल तरच. निफाडच्या जानेवारीत आणि मे महिन्यात एकच आकडा टाकून कसं चालेल? उंचीसुद्धा विचारून लिहू नये, चपला काढायला लावून मोजावी. लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी 1846 मध्ये आपलं यंत्र मांडलं, तेव्हाच उंची आणि फुप्फुसाच्या क्षमतेचा संबंध दाखवला होता.

तपासणीला येताना पंप घेतला असेल तर किती वाजता घेतला ते सांगा. निदानासाठी तपासणी असेल तर डॉक्टर तो काही तास आधी थांबवायला सांगतात. स्वतःहून मात्र बंद करू नका. तासभर आधी विडी-सिगारेट नको, जिने धावत चढणं नको.

कारखान्यांच्या व्यवस्थापकांना माझी कळकळीची विनंती आहे. एका सकाळी अख्खं खातं उरकू नका. प्रत्येक माणसाला पंधरा-वीस मिनिटं द्या, तीनही फुंकांचे आलेख त्याच्या फाइलला लावा. आकडा शंकास्पद आला तर कामावरून हलवण्याआधी त्याला पुन्हा फुंकायला बोलवा.