तीनशे माणसांचं गाव आणि त्याचं सरकार

हंगेरीत पाचशेपेक्षा कमी वस्तीच्या गावाला 'अप्रोफालु' म्हणतात, म्हणजे चिमुकलं गाव. देशात गावं-शहरं मिळून सुमारे 3,150, आणि त्यांतला तिसरा हिस्सा तरी असा चिमुकला. झाला जिल्ह्यातल्या (नाव खरंच 'झाला' आहे) इबोर्फियाची माणसं तर हातापायांच्या बोटांवर मोजावीत. तरी तिथेही स्वतंत्र पंचायत आहे. ही गंमत कशी घडली, ते समजायला एक गाव जवळून पाहू.

होल्लोको. बुडापेस्टच्या ईशान्येला साधारण 90 किलोमीटर, नोग्राद जिल्हा, सेचेन तालुका, चेरहातच्या टेकड्यांमधलं. वस्ती तीन-साडेतीनशे, मूळची पालोत्स या हंगेरियन उपसमाजाची. 1987 साली गाव जागतिक वारसा यादीत गेलं. जुन्या भागात दोनच गल्ल्या, आणि त्या जिथे फुटतात तिथे लाकडी मनोऱ्याचं पांढरं चर्च. घरांचे पट्टे अरुंद आणि लांबलचक, घराची आखूड बाजू रस्त्याकडे. पोरगं वेगळं झालं की त्याचं घर बापाच्या घरामागे, त्याच पट्ट्यात. उतार असल्यामुळे खाली तळघर, वर लाकडी कठड्याचा व्हरांडा. पूर्वी भिंती लाकडाच्या आणि छप्पर गवताचं होतं, त्यामुळे एक घर पेटलं की ओळच्या ओळ जायची. 1909 च्या आगीनंतर दगडी पाया, कच्च्या विटा आणि कौलं आली. पर्यटक 'प्राचीन' म्हणून फोटो काढतात ती घरं बहुधा या आगीनंतरची! राहती माणसं मात्र बहुतेक शेजारच्या नव्या वस्तीत. जुन्या घरांत संग्रहालयं, कारागिरांच्या खोल्या, पाहुण्यांची सोय.

आता कारभार. 1971 च्या सरकारी आराखड्याने शेकडो लहान गावांना विकासातून वगळलं. शाळा, दुकान, पंचायत मोठ्या गावात गेली आणि तरुण शहरात. बारान्या जिल्ह्यातलं ग्युर्युफ्यु तर त्याच सुमारास पार ओस पडलं. 1990 चा कायदा ही त्याची भरपाई होती. प्रत्येक गावाला स्वतःचं सरकार मिळालं, आणि दीड हजारांच्या आसपास असलेल्या परिषदा, म्हणजे पंचायती, तीन हजारांवर गेल्या.

निवडणूक दर पाच वर्षांनी, शेवटची जून 2024 मध्ये. शंभरपर्यंत वस्ती असेल तर दोन सदस्य, हजारापर्यंत चार. सरपंच, म्हणजे 'पोल्गारमेश्तेर', थेट लोकांतून वेगळा निवडला जातो. गावात तीनशे मतदार धरा. सदस्यपदाच्या उमेदवाराला एक टक्का, म्हणजे तीन जणांची शिफारस लागते. सरपंचपदाला तीन टक्के, म्हणजे नऊ जणांची. मतदाराला चारपर्यंत नावांवर खुणा करता येतात आणि जास्त मतांचे चार निवडून येतात. समान मतं पडली तर सोडत. एखाद्याने राजीनामा दिला की यादीतला पुढचा आत येतो. खरी अडचण तिथेच आहे, कारण चार जागांना जेमतेम चार-पाचच उमेदवार उभे राहिले तर 'पुढचा' आणायचा कुठून?

दुसरी अडचण कचेरीची. 2013 पासून दोन हजारांखालच्या गावाला स्वतंत्र कचेरी ठेवता येत नाही. शेजारच्या गावांनी मिळून एक चालवायची. मिळून वस्ती किमान दोन हजार हवी, नाहीतर गावं किमान सात. जमलं नाही तर सरकारी कार्यालय जोड्या लावून देतं. कचेरीचा प्रमुख 'येज्झो' हा नेमलेला अधिकारी. आपल्या ग्रामसेवकासारखा म्हणा, पण ठराव कायद्याला धरून आहे की नाही, हे सांगणं त्याचंच काम. त्याच वर्षी शाळा केंद्र सरकारने घेतल्या, आणि ओळखपत्रासारखी कामं तालुका कार्यालयात गेली. गावाकडे उरले दिवे, स्मशान, रस्ते, स्थानिक कर आणि गरजूंना मदत. परिषदेच्या वर्षाला किमान सहा बैठका आणि एक जाहीर सुनावणी मात्र सक्तीची. म्हणजे ठराव करायचा हक्क शाबूत, पण तो अंमलात आणणारा माणूस बहुतेक दिवस दुसऱ्याच गावात बसतो.

अशी फट भरणारी एक साधी सोय मात्र आधीच, 1990 मध्ये, चेरेहात भागातल्या (होल्लोकोचं चेरहात नव्हे) काही गावांत सुरू झाली होती, आणि पुढे ती कायद्यात आली. तिचं नाव 'फालुगोंद्नोक', गावाचा काळजीवाहक. पंचायतीचा एक पगारी माणूस आणि एक मिनीबस. म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, औषधं आणायची, जेवणाचे डबे पोचवायचे, पोरांना शाळेत सोडायचं. बस बिघडली की त्या दिवशी यातलं बहुतेक काम खोळंबतं.