पैसे, सामान, आजारपण: कोपान ते बेलीझ दोघांची वाट

नमस्कार, श्रोतेहो.

पाठीवर सॅक घेऊन दोघांनी निघायचं, होंडुरासमधल्या कोपानला प्राचीन माया लोकांच्या शहराचे अवशेष पाहायचे, ग्वाटेमालाच्या जंगलात तिकाल या दुसऱ्या माया शहरी जायचं आणि शेवटी बेलीझच्या समुद्रात उतरायचं, असा बेत अनेक जण करतात. काय पाहायचं याची माहिती कुठेही मिळते. मी आज बोलणार आहे तुमच्या सोबत्याबद्दल, कारण या वाटेवर सहल बिघडते ती बहुतेक वेळा दोघांमध्येच बिघडते. निघण्याआधी तीन गोष्टी ठरवा आणि कागदावर लिहा. पैसे कसे ठेवायचे, कोणतं सामान कोणाकडे आणि आजारी पडल्यावर निर्णय कोणाचा. पैसे, सामान, आजारपण.

मैत्रीत कसला आलाय करार, असं कुणी म्हणेल. तर याच वाटेवरच्या दोन मित्रांची गोष्ट सांगतो.

साल १८३९. जॉन लॉइड स्टीफन्स हा न्यूयॉर्कचा वकील आणि फ्रेडरिक कॅथरवुड हा इंग्लंडचा वास्तुशिल्पी. स्टीफन्स इजिप्त आणि पेट्रा पाहून आलेला, लिहिणारा. कॅथरवुडने इजिप्तमधली मंदिरं कागदावर उतरवलेली, म्हणजे हाताने चितारणारा. मध्य अमेरिकेच्या जंगलात जुनी शहरं आहेत, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. हे दोघे मित्र होते, तरी निघण्याआधी त्यांनी रीतसर करार केला. खर्च स्टीफन्सचा, चित्रं कॅथरवुडची आणि ती छापण्याचा हक्क स्टीफन्सचा. कोण काय करणार आणि कोण काय देणार, हे आधी लिहिलं आणि मग ३ ऑक्टोबरला दोघे न्यूयॉर्कहून जहाजात बसले.

बेलीझला उतरून ते नोव्हेंबरमध्ये कोपानला पोचले. पावसाळा संपत आलेला, पण पाऊस थांबलेला नव्हता. चिखल, डास आणि उंच झाडांच्या अंधारात उभे असलेले कोरीव पुतळ्यांचे दगडी स्तंभ. कॅथरवुड चित्र काढायला उभा राहिला आणि त्याचा हातच चालेना. इजिप्तची सवय असलेल्या डोळ्याला हे कोरीवकाम उलगडेना. एकात एक गुंतलेल्या आकृत्या, खोल कापलेला दगड आणि वरून उजेड नाही. त्याच्याजवळ कॅमेरा ल्युसिडा होता. म्हणजे एक लोलक. त्यातून पाहिलं की समोरची वस्तू कागदावर दिसते आणि तिच्यावरून पेन्सिल फिरवता येते. त्यानेही जमेना. पाय घोट्यापर्यंत चिखलात, डासांमुळे हातात मोजे, आणि काढलेले कागद एकामागून एक बाजूला पडत होते.

मग काय केलं? आधी उजेड आणला. गावकऱ्यांकडून कोयत्यांनी झाडं तोडून घेतली, म्हणजे ऊन दगडावर पडेल. कॅथरवुडला पाण्यात टिकणारे बूट दिले. आणि वाटेत सामानावर झाकायला आणलेलं तेल लावलेलं कॅनव्हास त्याच्या पायाखाली अंथरलं. बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याचा हात सुटला. त्याने काढलेली चित्रं इतकी नेमकी आहेत की पुढे पावसाने झिजलेल्या कोरीवकामाचे तपशील अभ्यासकांना त्यांत सापडले. ते कॅनव्हासचं फडकं लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

इकडे स्टीफन्सपुढे वेगळाच पेच होता. ही जमीन दोन मोठ्या परक्यांना खोदू द्यायची का, यावरून गावात कुजबूज सुरू झाली. गावातला बडा माणूस ग्रेगोरिओ तर पहिल्या दिवसापासून नाराज. जमीन पट्ट्याने होती होसे मारिया यांच्याकडे. ते सालीना ८० डॉलर भरत आणि पट्ट्याची अजून तीन वर्षं उरली होती. स्टीफन्सने सरळ विचारलं, हे अवशेष विकता का? होसे मारिया चक्रावले. बायकोला विचारतो, उद्या सांगतो, म्हणाले. दुसऱ्या दिवशी आले, पण मनात भीती. परक्या माणसाशी व्यवहार केला आणि उद्या सरकारने धरलं तर?

स्टीफन्सने पासपोर्ट दाखवला, पत्रं दाखवली. त्यांची शंका काही फिटेना. आता इथे एक सांगायला हवं. स्टीफन्स नुसता हौशी प्रवासी नव्हता, अमेरिकेचे अध्यक्ष व्हॅन ब्यूरेन यांनी त्याला सरकारी प्रतिनिधी म्हणून पाठवलं होतं. त्याने ट्रंक उघडली आणि राजदूताचा कोट काढून अंगावर चढवला. मोठमोठी, गरुड कोरलेली बटणं असलेला कोट. डोक्यावर पावसात भिजलेली, चिखलाचे डाग पडलेली पनामा टोपी, आत चौकड्यांचा शर्ट, पांढरी विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने पिवळी झालेली, आणि वर हा कोट! होसे मारियांनी ती बटणं पाहिली आणि त्यांची शंका फिटली. ५० डॉलरला कोपान विकलं गेलं. किमतीवरून घासाघीस झालीच नाही.

स्तंभ न्यूयॉर्कला न्यायचा स्टीफन्सचा विचार होता, पण नदीला खळाळ असल्याने तो सोडावा लागला. मग चित्रंच न्यायची ठरली. माझ्या मते हे फार बरं झालं. कोरीव दगड जिथला तिथेच शोभतो आणि तिथेच त्याचा अर्थ लागतो. पुढे मेक्सिकोतल्या उश्माल आणि काबा या माया शहरांतून याच दोघांनी लाकडी कोरीव तुळया न्यूयॉर्कला नेल्या आणि १८४२ च्या जुलैमध्ये कॅथरवुडच्या प्रदर्शनगृहाला लागलेल्या आगीत त्या जळाल्या. कोपानचे स्तंभ आजही उभे आहेत.

आणि यानंतर ते दोघे वेगळे झाले. भांडून नाही हं, कामासाठी. स्टीफन्स सरकारी कामाला ग्वाटेमाला शहराकडे गेला, कॅथरवुड कोपानला एकटा राहिला. तो आजारी पडला, नोकराने त्याला लुटलं. तरी सावरून तो पुढे निघाला आणि वाटेत त्याने ग्वाटेमालातलं किरिग्वा हे माया शहर पाहिलं, जे स्टीफन्सने पाहिलंच नव्हतं. कामं वाटलेली होती म्हणून एक नसताना दुसऱ्याचं काम अडलं नाही.

आता आपल्याकडे येऊ. पहिली गोष्ट, पैसे. एक समाईक पाकीट ठेवा. दोघांनी सारखी रक्कम टाकायची आणि त्यातून खोली, बस, बोट, वाटाड्या एवढाच खर्च. खाणंपिणं आणि खरेदी ज्याची त्याची. रोज झोपण्याआधी हिशेब वहीत, उद्यावर टाकायचा नाही. होंडुरासचा लेंपिरा, ग्वाटेमालाचा केत्साल, बेलीझचा डॉलर, तीन चलनं आहेत. बेलीझचा डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबर अर्धा. तिथे भाव सांगितला की कोणता डॉलर ते आधी विचारा, नाहीतर दुप्पट पैसे जातात. एटीएमचं एक जादा कार्ड आणि पासपोर्टची झेरॉक्स एकमेकांच्या सॅकमध्ये. एकाची सॅक गेली तरी दुसऱ्याकडे सगळं राहतं.

दुसरी, सामान. सॅक ४० लिटरची पुरते, भरल्यावर आठ-नऊ किलोच्या वर नको. औषधाची पेटी, पाण्याचं फिल्टर, कपडे वाळवायची दोरी हे दोघांत एक. टॉर्च, डासांचं मलम आणि मीठ-साखरेची पाकिटं मात्र प्रत्येकाकडे स्वतंत्र, कारण चुकामूक झाली तर हेच लागतं. जीन्स नको. भिजली की जड होते आणि तिथल्या दमट हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही. रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, कपडे तिच्यात. आणि ते कॅनव्हास आठवतंय ना? दोन मीटर बाय दीड मीटरचं ताडपत्रीचं तुकडं घ्या. चिखलात बसायला, बोटीत सॅकवर टाकायला, पावसात दोघांच्या डोक्यावर धरायला कामी येतं.

फिल्टर बिघडलं तर स्वच्छ दिसणाऱ्या एक लिटर पाण्यात सहा टक्क्यांच्या, वास नसलेल्या साध्या ब्लीचचे दोन थेंब टाकून अर्धा तास थांबायचं. गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळायचं आणि चार थेंब.

तिसरी, आजारपण, आणि हे नीट ऐका. ताप ज्याला आहे त्याने निर्णय घ्यायचा नाही. जो बरा आहे तो ठरवेल, की पुढे जायचं, थांबायचं की डॉक्टर गाठायचा. तापात माणूस म्हणतो, मी ठीक आहे, चल. त्या भागात डेंग्यू आहे. म्हणून तापाला फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन नको, आयबुप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ताप उतरला म्हणजे संपलं असं नाही. ताप उतरतानाच पोटात जोरात दुखलं, सारखी उलटी झाली, हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच रुग्णालय. पुन्हा सांगतो, पॅरासिटामॉल चालेल, अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नाही.

डास दिवसाही चावतात. २० ते ३० टक्के डीट, म्हणजे डास दूर ठेवणारं रसायन, असलेलं मलम लावा. आधी उन्हाचं क्रीम, ते मुरलं की मगच डासांचं. अनवाणी फिरू नका. मेक्सिकोतल्या पालेंके या माया शहरी स्टीफन्सच्या पायात निग्वा नावाची वाळूतली पिसू शिरली आणि पाय इतका सुजला की त्याला चालवेना. बूट सकाळी झटकूनच घाला, झोपताना पायात कोरडे मोजे.

वाटेचं थोडक्यात. डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम. कोपानचे अवशेष गावापासून किलोमीटरभर, चालत जा आणि सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं, दुपारी डोक्यावरच्या उन्हात सपाट होतं. किरिग्वा टाळू नका. इथला राजा कोपानचा मांडलिक होता. त्याने ७३८ मध्ये कोपानच्याच राजाला पकडून मारलं आणि नंतर दहा मीटरहून उंच स्तंभ उभारला. दोन्ही जागा मिळून एक गोष्ट पूर्ण होते. तिकालला फ्लोरेस गावाहून दीड तास. सरहद्द नेहमी दिवसाउजेडी ओलांडा, शिक्का बसला का ते पासपोर्ट उघडून स्वतः पाहा.

आणि समुद्र. मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर त्वचा उन्हाने फार लवकर भाजते. जंगलात ते कळत नाही, किनाऱ्यावर पहिल्याच दिवशी कळतं. पोहताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पाठ आणि पोटऱ्या आधी भाजतात. प्रवाळावर उभे राहू नका, हात लावू नका. ते जिवंत असतं, आणि त्याने झालेली जखम त्या हवेत चिघळते, म्हणून लगेच स्वच्छ पाण्याने धुवा. बेलीझ सिटीहून ‘की कॉकर’ नावाच्या बेटाला बोटीने पाऊण तास लागतो. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्याबरोबर धक्क्यावर विचारा आणि दोघांनीही आपापल्या वहीत लिहून ठेवा.

नमस्कार.