आजोबांची दुनळी किती उजळावी?

श्रोतेहो, नमस्कार.

माकडं आणि रानडुकरांपासून शेती-बागायत राखायला परवान्याची बंदूक असलेली घरं कोकणात अजून बरीच आहेत. परवानाधारक वारला की बंदूक पोलीस ठाण्यात नाहीतर परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाच्या नावे परवाना झाला की ती घरी येते. तोवर खाऱ्या हवेनं आणि पावसाळ्यांनी आपलं काम केलेलं असतं: नळीवर गंज, दस्त्याला तडा, चाप जाम.

आमची बारा बोअरची दुनळी अशीच परत आली. बाहेर घोडे, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारे खटके असलेली, जुन्या घडणीची. चुलतभावाचं म्हणणं स्पष्ट होतं. "पॉलिश मारून काळी कुळकुळीत करून घेवया, नवी दिसतली." त्याचं प्रेम मला कळतं, पण मी ठाम नाही म्हटलं. कारण होतं त्या नळ्या.

गंजाखाली बारीक नागमोडी रेषा दिसत होत्या, ओहोटीनंतर पुळणीवर राहतात तशा. ही दमास्कस नळी. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळायच्या, तापवून दांड्याभोवती गुंडाळायच्या आणि ठोकून सांधायच्या. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या कारागिरांनी अशा नळ्या पुष्कळ घडवल्या. ती नक्षी दिसते ती धातूवर मुद्दाम चढवलेल्या तपकिरी रंगामुळे. चाकावर घासली की रंग गेला, नक्षी पुसली, वर नळीची जाडीही कमी झाली. आणि काळा रंग चढवायला हल्ली उकळत्या क्षारांच्या द्रावणात बुडवतात, ते तर दुनळीला घातकच. दोन नळ्यांमधली पट्टी कथलाच्या डाकानं जोडलेली असते, तो डाक ते द्रावण खातं. मग पट्टी सुटते.

म्हणून आमच्या कारागिरानं फक्त तेल आणि अगदी बारीक पोलादी लोकर वापरून वरचा लाल गंज उतरवला. खाली खड्डे आहेत. ते राहू दिले.

दस्त्याचा तडा मात्र बुजवायलाच हवा होता. दस्त्याच्या मनगटापाशी, म्हणजे हाताच्या पकडीतल्या बारीक भागाशी असलेला तडा वाढला तर दस्ता दोन तुकडे होतो. तिथे सांधा भरला आणि जवसाचं तेल चोळलं. सबंध दस्ता तासून घेतला नाही. लाकूड तासलं की ते धातूच्या कडेपेक्षा खाली जातं, आणि ती पायरी पुन्हा भरून येत नाही. शिवाय आजोबांच्या तळव्यानं गुळगुळीत झालेली जागा मला तशीच हवी होती.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीची दुरुस्तीही परवाना असलेल्या कारागिरानंच करायची असते. गावातला लोहार कितीही हुशार असो, त्याच्याकडे नेऊ नका. नळी आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो, आणि बंदुकीवरचा क्रमांक खोडणं हा गुन्हा आहे. पॉलिशच्या हौसेत क्रमांक आणि नळीच्या चाचणीचे ठसे झिजले, तर बंदुकीची ओळखच गेली.

राहिला प्रश्न बार काढायचा. चाप आणि घोडे आता चालतात, म्हणून भावाला पुन्हा आशा वाटू लागली. पण अशा जुन्या नळ्या बहुधा काळ्या दारूच्या काडतुसांसाठी घडवलेल्या असतात. आजच्या धूररहित दारूच्या काडतुसाचा दाब वेगळा असतो. त्यात जुन्या बंदुकीचं काडतुसाचं घर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, पुष्कळदा पासष्ट मिलिमीटर लांबीची असते आणि हल्लीची काडतुसं सत्तरची मिळतात. काडतूस आत बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब आणखी चढतो. आतून खड्डे पडलेली नळी त्यानं फुटू शकते, आणि ती फुटते ती धरणाऱ्याच्या डाव्या हातापाशी. भावानं हे ऐकलं, नळीतून उजेडाकडे बघून आतले खड्डे स्वतः पाहिले, आणि काडतुसं आणायचा विषय सोडला.