मद्रासमध्ये छापलेला देश

(दृश्य : आर्मेनियन स्ट्रीट, सकाळची वर्दळ)

चेन्नईचा जॉर्ज टाउन भाग. उच्च न्यायालयाच्या समोरच्या अंगाला ही गल्ली आहे. पाट्या तमिळ आणि इंग्रजी, पण रस्त्याचं नाव अजून आर्मेनियन स्ट्रीट. या दारातून आत गेलं की गाड्यांचे आवाज मागे पडतात.

(दृश्य : प्रवेशद्वार, चाफ्याची झाडं, घंटाघर)

कुमारी मरियमचं हे आर्मेनियन चर्च. स्थापना 1712 ची, आत्ताची वास्तू 1772 ची. घंटाघरात सहा घंटा आहेत. त्या वेगवेगळ्या वर्षी इथे आल्या. काही लंडनमध्ये ओतलेल्या.

(दृश्य : जमिनीत बसवलेल्या कबरींचे दगड, जवळून)

आपण चालतोय त्या फरशीतही कबरी आहेत. ही शाहामिर शाहामिर्यान यांच्या पत्नीची, 1765 ची. म्हणजे भोवतालचं चर्च नंतरचं, कबर आधीची. शाहामिर मूळचे इराणमधल्या इस्फहानजवळच्या नव्या जुल्फाचे. 1604 च्या सुमारास इराणचा राजा शाह अब्बास याने आरास नदीकाठच्या जुल्फातून हजारो आर्मेनियन कुटुंबं उठवली आणि आपल्या राजधानीशेजारी वसवली. रेशमाच्या व्यापारासाठी त्याला ही माणसं हवी होती. पुढे नादिरशाहाच्या जुलमाला आणि वसुलीला कंटाळून त्यांच्यातले कितीतरी जण भारताच्या किनाऱ्यावर आले. त्या काळी आर्मेनियाची भूमी तुर्कांच्या आणि इराणी सत्तेच्या ताब्यात वाटली गेली होती. स्वतःचं राज्य उरलं नव्हतं.

शाहामिर मद्रासमध्ये श्रीमंत झाले. त्या पैशातून त्यांनी 1772 साली छापखाना काढला. भारतातला हा पहिला आर्मेनियन छापखाना.

(दृश्य : जुनं हातयंत्र, खिळ्यांची पेटी, जुळाऱ्याचे हात)

हे यंत्र त्यांचं नाही. पण काम असंच चालायचं, म्हणून ते नीट पाहू या. आर्मेनियन लिपी मेस्रोप माश्टोत्स यांनी इसवी सन 405 च्या सुमारास घडवली. मूळ अक्षरं 36, पुढे दोन वाढली. मोठी आणि लहान अक्षरं वेगळी, म्हणजे पेटीत नुसत्या अक्षरांसाठीच 76 घरं हवीत. विरामचिन्हं आणि अंक निराळे. प्रत्येक खिळा, म्हणजे छपाईचं धातूचं अक्षर, उलटा कोरलेला. जुळारी एकेक खिळा उचलतो, ओळीत बसवतो, ओळ घट्ट करतो. पान भरलं की शाई, वर ओला केलेला कागद आणि मग दाब. पहिला ठसा वाचायचा, चुकलेला खिळा चिमट्याने उपसायचा, दुसरा बसवायचा. मग पुन्हा दाब. मद्रासच्या दमट हवेत कागद वाळवणं हेसुद्धा मोठंच काम असणार.

(दृश्य : ‘वोरोगायत पारात्स’चं मुखपृष्ठ, पानं)

शाहामिर यांच्या छापखान्यातून हे पुस्तक आलं. मुखपृष्ठावर 1773. आजच्या भाषेत सांगायचं तर ही एका स्वतंत्र आर्मेनियाची राज्यघटना. कलमं 521. यात राजा नाही. लोकांनी निवडून दिलेली सभा आहे आणि राज्यकर्त्यालाही कायदा लागू आहे. ज्या देशाला स्वतःची एक वीत जमीन नव्हती, त्याचे कायदे मद्रासमध्ये एक व्यापारी छापत होता. हे पान कॅमेऱ्यासमोर उघडलं तेव्हा आमच्यातलं कुणीही बोललं नाही.

त्याआधी निघालेल्या एका पुस्तकाने तरुणांना स्वातंत्र्यासाठी उठायची हाक दिली होती. ते शाहामिर यांचे सहकारी मोव्सेस बाघ्राम्यान यांच्याशी जोडलं जातं. एचमियाद्झिनच्या धर्मपीठाला, म्हणजे आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठाला, ते रुचलं नाही. त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम निघाला.

(दृश्य : हारुत्युन श्मावोन्यान यांची कबर)

आता या कबरीपाशी थांबू. हारुत्युन श्मावोन्यान. जन्म शिराझचा, 1750 चा. दोन मुलं एका आठवड्यात गेली. ते घर सोडून दरवेशांमध्ये, म्हणजे सूफी फकिरांमध्ये, राहिले, तिथे फारसीचा अभ्यास केला. 1784 मध्ये धर्मगुरू म्हणून मद्रासला आले आणि 1824 मध्ये इथेच वारले.

चर्चची सेवा सांभाळून त्यांनी स्वतःचा छापखाना उभा केला. 1794 च्या ऑक्टोबरात त्यातून एक मासिक बाहेर पडलं.

(दृश्य : ‘अझ्दारार’ची पानं)

‘अझ्दारार’. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक. येरेवानला नाही, इस्तंबूलला नाही, व्हेनिसलाही नाही. ते मद्रासला निघालं. बघा, काय काय आहे यात! जहाजांच्या खबरा आहेत, मालाचे भाव आहेत, देशोदेशीच्या आर्मेनियन वस्त्यांच्या बातम्या आहेत, युरोपातल्या घडामोडी आहेत. कलकत्त्यात भारतातलं पहिलं छापील वृत्तपत्र, हिकींचं गॅझेट, 1780 मध्ये निघालं, त्याला तेव्हा जेमतेम चौदा वर्षं झाली होती. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ यायला अजून 38 वर्षं होती. एक धर्मगुरू जवळजवळ एकट्याच्या बळावर, घरापासून इतक्या दूर, महिन्यामागून महिना हे अंक काढत होता. वृत्तपत्रांच्या आपल्या इतिहासात त्यांचं नाव इतकं क्वचित का येतं, हा प्रश्न आम्हाला पूर्ण चित्रीकरणभर पडला होता.

18 अंक निघाले. 1796 मध्ये ‘अझ्दारार’ बंद पडलं. मद्रासची आर्मेनियन वस्तीही पुढे विरळ होत गेली.

(दृश्य : रिकामे बाक, वेदी, घंटेचा दोर)

आज या चर्चची देखभाल कोलकात्याची आर्मेनियन मंडळी करतात. रविवारी घंटा वाजतात.

(दृश्य : मुंबई, फोर्ट, सेंट पीटर्स आर्मेनियन चर्च)

आणि हे मुंबईत. पूर्वीचा मेडोज स्ट्रीट, आताचा नगीनदास मास्टर मार्ग. हे आर्मेनियन चर्च 1796 चं, म्हणजे ‘अझ्दारार’ थांबलं त्याच वर्षीचं. फोर्टात कामाला जाणारे हजारो लोक रोज याच्यासमोरून जातात. तिकडे आर्मेनियात 16 ऑक्टोबर हा पत्रकारांचा दिवस म्हणून पाळला जातो, कारण मद्रासमध्ये ‘अझ्दारार’चा पहिला अंक त्या तारखेला निघाला.