सेलेने आणि मेने

नमस्कार श्रोतेहो. प्राचीन ग्रीक भाषेत चंद्राला नेहमीचा शब्द ‘सेलेने’. तो आला ‘सेलास’वरून. सेलास म्हणजे लखलखीत उजेड, आगीचा, विजेचासुद्धा. तेव्हा सेलेने म्हणजे झळकणारी. ‘झळकणारी’ म्हटलं, कारण ग्रीकांचा चंद्र ही देवी आहे. ती रथात बसून आकाश ओलांडते. तिच्या एका घोड्याचं संगमरवरी डोकं पार्थेनॉन मंदिराच्या पूर्वेकडच्या त्रिकोणी माथ्यावर होतं, ते आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. जबडा उघडा, नाकपुड्या फुगलेल्या, डोळे बाहेर आलेले. रात्रभर रथ ओढून पार थकलेलं जनावर! पुढे 1817 साली स्वीडनमध्ये सापडलेल्या मूलद्रव्याला याच देवीवरून सेलेनियम नाव मिळालं. कोंड्यावरच्या काही शॅम्पूंत असतं ते.

पण ग्रीकांकडे आणखी एक शब्द होता, ‘मेने’. होमरच्या ‘इलियड’मध्ये एका घोड्याच्या कपाळावर मेनेसारखा वाटोळा पांढरा टिळा आहे. हा मेने आपल्या ‘मास’चा सख्खा भाऊबंद. ‘मेन’ म्हणजे ग्रीकांचा महिना. आकाशातला चंद्र आणि पंचांगातला महिना, दोन्ही एकाच घरातले. आपण मात्र गंमत केली आहे. ‘चंद्र’ म्हणजे चमकणारा, त्याला ‘मास्’ जोडला आणि ‘चंद्रमा’ केला. ग्रीकांनी जे दोन शब्दांत वाटून ठेवलं, ते आपण एकात बसवलं.

या महिन्याचा धाक अथेन्समध्ये कर्जदारांना फार. व्याज महिन्यावर चढायचं. इसवी सनापूर्वी 423 मध्ये रंगमंचावर आलेल्या अ‍ॅरिस्टोफेनीसच्या ‘ढग’ या नाटकात स्ट्रेप्सियाडीस नावाचा म्हातारा आहे. मुलाच्या घोड्यांच्या शौकापायी कर्जात बुडालेला. महिन्याची विशी उलटत आली की त्याला झोप नाही. शेवटी तो सॉक्रेटिसला आपली नामी युक्ती सांगतो : थेसलीतली एक चेटकीण विकत आणायची, तिच्याकडून रात्री चंद्र खाली उतरवायचा आणि आरशासारखा गोल डब्यात बंद करून ठेवायचा.

सॉक्रेटिस विचारतो, त्यानं काय होणार?

तो म्हणतो, चंद्रच उगवला नाही तर व्याज कशाला द्यावं लागेल!